काट्यावरचा शिक्का

केनियाच्या न्यानदारुआ भागात बटाटा काढणीला आला की शेताच्या बांधावर पोती उभी राहतात. पोतं नेहमीचंच असतं, पण त्याचं तोंड शिवत नाहीत. तोंडाभोवती दोऱ्याची जाळी विणून त्याला वर आणखी उंची देतात आणि त्या जाळीत बटाट्याची रास चढवत नेतात. या फुगवलेल्या पोत्याला तिथे 'लुंबेसा' म्हणतात. नव्वद किंवा एकशेदहा किलोचं म्हणून धरलेलं पोतं अशा रीतीने दीडशे किलोच्याही पुढे जातं. भाव मात्र ठरतो पोत्यावर. जाळीतला बटाटा शेतकऱ्याच्या घामाचा असतो, पण त्याचा पैसा त्याला मिळत नाही.

ही पद्धत काही व्यापाऱ्यांच्या केवळ लबाडीतून आलेली नाही. स्थानिक कर पोत्यामागे घेतला जायचा, हमाली पोत्यामागे, ट्रकचं भाडंही पोत्यामागेच. साहजिकच पोती जितकी कमी आणि फुगीर, तितका खरेदीदाराचा खर्च कमी. मक्याच्या खालोखाल बटाटा हे केनियाचं महत्त्वाचं अन्नपीक. तिथल्या सरकारने २०१९ साली नियम केले, की बटाट्याचं पोतं ५० किलोंहून मोठं असता कामा नये. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात एका कौंटीने, म्हणजे तिथल्या जिल्ह्याने, नियम कडक लावला की व्यापारी शेजारच्या कौंटीत जाऊन माल उचलायचा. नाशवंत माल घरात ठेवून शेतकरी किती दिवस अडून बसणार? त्यातून गावात पडताळणी केलेला काटा हाताशी नसेल, तर पोतं ५० किलोंचं आहे की ७० चं, हे सांगायचं कोणी?

मराठी शेतकऱ्याला ही गोष्ट परकी वाटणार नाही. बाजार समितीत क्विंटलमागे किलो-दोन किलोंचा 'कडता' कापला जातो, कधी माती म्हणून, कधी ओल म्हणून, कधी काहीच न सांगता. ऊस पट्ट्यात 'काटामारी' हा शब्द लहान पोराच्याही तोंडी असतो. माल शेतकऱ्याचा, काटा दुसऱ्याचा, आणि आकडाही दुसऱ्यानेच वाचून दाखवायचा, अशी ही स्थिती. या असमान सामन्यात दुबळ्या बाजूला उभं राहण्याचं काम सरकारच्या ज्या खात्याचं आहे, त्याला आपल्याकडे वैध मापन विभाग म्हणतात. जुनी माणसं अजूनही 'वजनमापे खातं' म्हणतात.

या खात्याची व्याप्ती वाटते त्याहून फार मोठी आहे. किराणा दुकानातली वजनं, सोनाराचा काटा, पेट्रोल पंप, दुधाचं माप, टॅक्सीचा मीटर, बिस्किटाच्या पुड्यावर छापलेलं वजन हे सगळं त्यात येतं. अनेक देशांत विजेचा आणि पाण्याचा मीटर, रक्तदाब मोजण्याचं यंत्र, वाहनाचा वेग टिपणारं रडार आणि दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या श्वासाची तपासणी करणारं उपकरणही याच कायद्याखाली असतं. जिथे एखाद्या आकड्यावर पैसे, आरोग्य किंवा शिक्षा ठरते, तिथे तो आकडा विश्वासाचा असावा एवढीच या कायद्याची मागणी आहे.

एवढंसं काम करायला मागे साखळी मात्र लांबलचक लागते. वाण्याच्या दुकानातलं एक किलोचं वजन खरं आहे, असं निरीक्षक कशाच्या बळावर म्हणतो? त्याच्याजवळच्या कार्यकारी मानकाच्या. ते मानक दरवर्षी राज्याच्या प्रयोगशाळेतल्या दुय्यम मानकाशी ताडून पाहिलं जातं. दुय्यम मानकाची परीक्षा प्रादेशिक संदर्भ मानक प्रयोगशाळेत होते. अशा प्रयोगशाळा अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद, गुवाहाटी, वाराणसी इथे आहेत आणि आपल्या नागपुरातही आहे. त्यांच्याही वर दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम जपून ठेवलेला आहे, पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या मूळ किलोग्रॅमचा तो अधिकृत भाऊबंद. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या दंडगोलावरून काढून प्लांकच्या स्थिरांकावर बसवण्यात आली. साखळीचं वरचं टोक त्यामुळे बदललं, खालचं आहे तिथेच राहिलं.

गरीब देशांत ही साखळी बहुधा खालच्या टोकालाच तुटते. राजधानीत वातानुकूलित प्रयोगशाळा असते, तिच्यात मिलिग्रॅमचा अंश तोलणारा काटा असतो, भिंतीवर प्रमाणपत्रं असतात. आणि दोनशे किलोमीटरवरच्या आठवडी बाजारात निरीक्षक वर्षानुवर्षं फिरकलेला नसतो, कारण त्याच्याकडे वजनं वाहून न्यायला गाडी नसते. आंतरराष्ट्रीय मदतीबद्दल बोलताना नेमकी हीच गाडी विसरली जाते.

या मदतीचा संघटित इतिहास पॅरिसमध्ये सुरू होतो. मीटर करार १८७५ चा, पण त्याचा रोख शास्त्रीय मापनावर होता. बाजारातल्या मापांचे कायदे देशोदेशी वेगळेच राहिले. एका देशात चाललेला काटा सीमेपलीकडे बेकायदा ठरायचा. यावर विचार करायला १९३७ साली पॅरिसला व्यावहारिक मापनशास्त्राची परिषद भरली. पाठोपाठ महायुद्ध आलं, काम रखडलं, आणि अखेर १२ ऑक्टोबर १९५५ रोजी करार होऊन आंतरराष्ट्रीय वैध मापन संघटना, म्हणजे ओआयएमएल, जन्माला आली. पॅरिसमधल्या रू त्युर्गो या रस्त्यावर मोजक्या माणसांचं तिचं कार्यालय आहे. आज साठाहून अधिक देश तिचे पूर्ण सदस्य आहेत आणि जवळपास तितकेच संलग्न सदस्य. संलग्न सदस्यांत मोठा भरणा विकसनशील देशांचा आहे.

भारत १९५६ सालीच तिचा सदस्य झाला. त्या वर्षाचं महत्त्व लक्षात घेण्यासारखं आहे. नव्या देशाने वजनमापांचा मानक कायदा केला तो १९५६ मध्येच. तोवर एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशी जुळत नव्हती. शेर, मापटं, चिपटं, अधोली, मण, खंडी ही सगळी नावं सगळीकडे होती आणि मापं गावोगाव निराळी. मुंबई प्रांताने १९३२ साली स्वतःचा वजनमापे कायदा केला होता, पण तो प्रांतापुरता. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला आणि १९६२ च्या एप्रिलपर्यंत मेट्रिक वजनं देशभर सक्तीची झाली. निरक्षरांची संख्या प्रचंड असलेल्या देशाने चार-पाच वर्षांत हा बदल पचवला. स्वातंत्र्यानंतरच्या मोठ्या प्रशासकीय यशांत याची गणना व्हायला हवी, ती फारशी होत नाही.

ओआयएमएल स्वतः कायदा करत नाही. ती 'शिफारस' प्रसिद्ध करते. स्वयंचलित नसलेल्या काट्यांसाठी आर ७६, पेट्रोल-डिझेलसारख्या द्रवांच्या मापनासाठी आर ११७, पाण्याच्या मीटरसाठी आर ४९, वजनांसाठी आर १११, बंद पाकिटातल्या मालासाठी आर ८७, अशी तिची मालिका आहे. या शिफारशी आपल्या कायद्यात शक्य तितक्या उतरवणं हे सदस्य देशांचं नैतिक कर्तव्य मानलं जातं. ज्या देशाकडे दोन-चारच तज्ज्ञ आहेत, त्याला हा मोठा आधार. काटा कसा तपासायचा, किती चूक चालवून घ्यायची, कोणत्या तापमानात परीक्षा करायची, हे सगळं जगभरच्या अभियंत्यांनी घासूनपुसून तयार केलेलं त्याला आयतं मिळतं.

हे सगळं कोरडं वाटत असेल, तर वजनकाट्यावर उभं राहून पाहावं. ऊस कारखान्याच्या गेटवरचा वजनकाटा धरू. साठ टनांचा, दहा किलोंच्या टप्प्याने आकडा दाखवणारा. निरीक्षक आधी काटा रिकामा करून शून्य पाहतो. मग सील पाहतो: तार शाबूत आहे का, शिक्क्यावर वर्ष आणि तिमाहीचं अक्षर कोणतं आहे. त्यानंतर प्रमाणित वजनं प्लॅटफॉर्मच्या एका कोपऱ्यावर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, कारण खाली प्रत्येक ठिकाणी भार टिपणारा वेगळा लोडसेल असतो आणि एक आजारी असला तरी बाकीचे त्याला झाकून नेतात. वीस किलोच्या एकेका लोखंडी वजनात आर १११ च्या एम-१ वर्गानुसार फार तर एक ग्रॅमची चूक चालते. अशी वजनं रचत, मग भरलेला ट्रक चढवून त्यावर पुन्हा वजनं ठेवत, काटा वरच्या टोकापर्यंत तपासला जातो. आर ७६ च्या तक्त्याप्रमाणे अशा काट्यावर वीस टनांना पहिल्या पडताळणीत दहा किलोंची चूक चालते, वापरात असताना त्याच्या दुप्पट. त्यापलीकडे काटा नापास.

आता शेतकरी संघटना जो आरोप करतात तो या तक्त्याशेजारी ठेवून बघावा. खेपेमागे टनभर ऊस गायब होतो, असं त्या म्हणतात. आरोप खरा धरला, तर वीस टनांच्या खेपेत ती वापरातल्या काट्याला परवानगी असलेल्या चुकीच्या पन्नासपट चोरी होते. बाहेरच्या खासगी काट्यावर वजन करून आलेली गाडी कारखाना घेत नाही, ही तक्रार तर हंगामागून हंगाम चालू आहे. खरं-खोटं ठरवायचा मार्ग एकच: तटस्थ वजनं, तटस्थ माणूस आणि न सांगता दिलेली भेट. राज्यात त्यासाठी भरारी पथकं नेमली जातात. पण वजनकाटा तपासायला टनावारी प्रमाणित वजनं आणि ती उतरवायला क्रेन लागते. हे सामान जितकं कमी, तितकी भेट नावापुरती. केनियातल्या निरीक्षकाची अडचण आणि सांगली-कोल्हापूरकडच्या निरीक्षकाची अडचण इथे फार लांबच्या नाहीत.

चोरीचं तंत्रही बदललं आहे. २०१७ साली उत्तर प्रदेशात आणि लगोलग ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्राच्या पोटात बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक चिप सापडल्या. आकडा बरोबर फिरायचा, पेट्रोल कमी पडायचं. पंपावर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात पेट्रोल टाकून दाखवावं लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलिलिटरपेक्षा जास्त तूट चालत नाही. पण फसवणूक सॉफ्टवेअरमध्ये असेल, तर तपासणीच्या वेळी यंत्र साळसूद वागू शकतं. ओआयएमएलने सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मापन यंत्रांसाठी डी ३१ हा दस्तऐवज २००८ सालीच काढला होता: कोणता भाग बदलता येऊ नये, बदलला तर त्याची खूण कशी उरावी, आवृत्तीचा क्रमांक निरीक्षकाला कसा दिसावा, याची त्यात मांडणी आहे. ती वाचून अमलात आणायला मात्र सॉफ्टवेअर समजणारा निरीक्षक हवा. तराजूच्या दांडीची परीक्षा शिकलेल्या पिढीला हे नव्याने शिकवावं लागतं, आणि जगभरच्या बहुतेक गरीब देशांत शिकवणाराच नाही.

म्हणून सहकार्याचा सर्वात उपयोगी प्रकार प्रशिक्षण हाच ठरला आहे. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगची पीटीबी ही राष्ट्रीय मापन संस्था सरकारच्या विकास निधीतून कित्येक दशकं हे काम करते आहे. २०१४ साली आशियातल्या विकसनशील देशांसाठी तिने 'मेडिया' प्रकल्प सुरू केला, तो आशिया-पॅसिफिकच्या दोन प्रादेशिक मापन मंचांना हाताशी धरून. त्याची रीत चांगली होती. तज्ज्ञाने येऊन व्याख्यान देऊन जायचं नाही, तर त्या त्या देशातलेच प्रशिक्षक तयार करायचे. याच भागातल्या वैध मापन मंचाने त्याआधी भाताच्या ओलाव्याच्या मोजणीचे वर्गही घेतले होते. भात पिकवणाऱ्या देशांसाठी किलोग्रॅमइतकाच ओलावा महत्त्वाचा असतो. ओलावा जास्त दाखवला की दर पाडता येतो, आणि मीटर खरा आहे की खोटा हे शेतकऱ्याला डोळ्यांनी कळत नाही.

लातूर-अकोल्याच्या सोयाबीन उत्पादकाला यावर वेगळं काही सांगायला नको. हमीभावाच्या खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ च्या खरिपात पावसाने माल ओला राहिला आणि केंद्राला ही मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्क्यांवर न्यावी लागली. एका केंद्रावरचं यंत्र ११.८ दाखवतं आणि दुसऱ्यावरचं १२.६, तर पहिला शेतकरी पैसे घेऊन घरी जातो आणि दुसरा ट्रॉली परत नेतो किंवा पडेल त्या भावाने व्यापाऱ्याला घालतो. धान्याच्या ओलावामापकांसाठी ओआयएमएलची आर ५९ ही शिफारस आहे. खरेदी केंद्रावरच्या प्रत्येक यंत्राला तिच्या कसोटीतून जाण्याची सक्ती होईल, तो दिवस शेतकऱ्याच्या दृष्टीने हमीभाव वाढण्याइतकाच मोलाचा ठरेल.

भारत या सहकार्यात आता दोन्ही बाजूंना आहे. रांचीला भारतीय वैध मापन संस्था आहे. राज्याराज्यांतले निरीक्षक नेमणुकीनंतर तिथे शिकतात, आणि सत्तरच्या दशकापासून चाललेल्या या संस्थेत आशिया-आफ्रिकेतले अधिकारीही भारत सरकारच्या आयटेक योजनेतून शिकायला येतात. आफ्रिकी निरीक्षकाला ब्राउनश्वाइगच्या प्रयोगशाळेपेक्षा रांचीचा वर्ग जवळचा वाटावा, याला कारण आहे. धूळ, दमट हवा, कमी-जास्त होणारा वीजदाब, हातगाडीवरचा विक्रेता, पत्र्याचं माप, निरक्षर ग्राहक या सगळ्या गोष्टी इथल्या शिक्षकाच्या रोजच्या अनुभवातल्या असतात.

दुसरं पाऊल २०२३ च्या सप्टेंबरात पडलं. ओआयएमएलची प्रमाणपत्रं देण्याचा अधिकार भारताला मिळाला, असा अधिकार असलेला तो जगातला तेरावा देश. याचा अर्थ व्यवहारात काय? नव्या नमुन्याचा इलेक्ट्रॉनिक काटा बाजारात आणायचा तर त्याची नमुना-चाचणी करावी लागते: उणे दहापासून चाळीस अंशांपर्यंत तापमानात, दमट उष्णतेत, वीजपुरवठ्याच्या धक्क्यांत. पूर्वी निर्यात करू पाहणाऱ्या भारतीय उत्पादकाला यासाठी परदेशी प्रयोगशाळांचा उंबरा झिजवावा लागे, खर्चही तिथला. आता ते काम देशातल्या प्रादेशिक प्रयोगशाळांत होऊ शकतं. आणि ज्या छोट्या देशाला अशी प्रयोगशाळा कधीच परवडणार नाही, तो हे प्रमाणपत्र स्वीकारून आपला पैसा वाचवू शकतो. २०१८ च्या आरंभी सुरू झालेल्या या प्रमाणन पद्धतीचा खरा लाभार्थी तोच आहे.

एक धोका मात्र राहतो. प्रमाणपत्र नमुन्याला मिळतं. चाचणीला पाठवलेला काटा एक आणि बंदरावर उतरलेले हजार काटे दुसरेच, असं होऊ शकतं. नमुना आणि माल यांची जुळणी तपासायला पुन्हा निरीक्षकच लागतो, त्याच्याजवळ वजनं लागतात. म्हणून वाचलेला पैसा दुसऱ्या खात्याकडे न वळवता त्या निरीक्षकाच्या पिशवीत पडला, तरच ही पद्धत फळते.

मदतीच्या प्रकल्पांची चूकही इथेच होते. देणगीदाराला उद्घाटन करता येईल असं काही हवं असतं. मग तीन-चार वर्षांच्या प्रकल्पात महागडं यंत्र येतं, फीत कापली जाते, छायाचित्रं निघतात. यंत्राच्या वार्षिक देखभालीची तरतूद यजमान देशाच्या अंदाजपत्रकात नसते. शिकून तयार झालेला तंत्रज्ञ दुप्पट पगारावर खाणकंपनीत किंवा परदेशी निघून जातो. दोन पावसाळ्यांत यंत्र झाकून ठेवावं लागतं. त्याच पैशात दहा मोटारसायकली, पाच-पाच किलोंच्या वजनपेट्या आणि पाच लिटरची मापं घेतली असती, तर शंभर आठवडी बाजार तपासून झाले असते. मोठी प्रयोगशाळा नकोच असं नाही. शेजारी देशांनी ती मिळून चालवावी. पूर्व आफ्रिकी समुदायाने २००६ साली मानकं, मापन आणि चाचणी यांचा सामाईक कायदा केला, तो याच विचाराने. नैरोबीतली एक चांगली प्रयोगशाळा तीन देशांची वरची पायरी सांभाळू शकते. खालच्या पायऱ्या मात्र ज्याच्या त्याने आपल्या गावातच बांधायच्या असतात.

ओआयएमएलने विकसनशील देशांसाठी स्वतंत्र सल्लागार गट नेमला आहे. या देशांत चांगलं काम करणाऱ्यांना २००९ पासून ती दरवर्षी पुरस्कारही देते. २० मे हा मापनशास्त्र दिन युनेस्कोने २०२३ साली आपल्या दिनदर्शिकेत घेतला. या गोष्टींनी लक्ष वेधलं जातं, आणि त्याची गरज आहे, कारण वैध मापनाला मतदार नाही. कमी मिळालेले दोन किलो कोणाच्या लक्षातच येत नसल्याने त्यासाठी मोर्चा निघत नाही. सर्वात गरीब गिऱ्हाईक पाव-अर्धा किलो घेतं, म्हणून काट्यातली प्रत्येक चूक त्यालाच सर्वात जास्त वेळा सोसावी लागते.

नवी यंत्रं थांबून राहिलेली नाहीत. वाहनांच्या वेगमापक रडारसाठी भारताने २०२५ मध्ये नियम जाहीर केले, १ जुलैपासून ते लागू झाले, आणि त्यांची बैठक ओआयएमएलच्या आर ९१ या शिफारशीवर आहे. आता रांगेत आहे विजेवर चालणाऱ्या गाड्यांचं चार्जिंग स्टेशन. त्यासाठी ओआयएमएलने २०२२ साली मार्गदर्शिका काढली. पुणे-मुंबई महामार्गावर असो की नैरोबीच्या इलेक्ट्रिक बसच्या आगारात, चार्जर ग्राहकाला सांगतो तेवढे युनिट गाडीत गेले का, हे ग्राहकाला पाहता येत नाही. पेट्रोलसाठी निदान पाच लिटरचं माप तरी होतं. विजेसाठी निरीक्षकाला उचलून नेता येईल असं प्रमाणित चाचणीयंत्र लागेल, ते चालवायचं शिक्षण लागेल आणि चार्जर उघडून पाहण्याचा अधिकार कायद्यात लिहावा लागेल. या वेळी श्रीमंत आणि गरीब देश जवळपास एकाच ओळीतून सुरुवात करत आहेत, त्यामुळे हे चाचणीयंत्र आणि हा अभ्यासक्रम भारत, केनिया आणि त्यांच्यासारख्या देशांनी आताच एकत्र बसून तयार करायला घ्यावा. चार्जर हजारोंनी बसल्यावर ते काम कितीतरी महाग पडेल.